उलटं वर्गमूळ

८ जुलै

प्रिय माऊ,

फोनवर तू ‘हं, हं, पत्र लिही’ म्हणतेस आणि रिसिव्हर ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. आजच्या दिवसांत पत्र लिहायला लावणारी मावशी माझ्याच वाट्याला यायची होती!

नोकरी लागून महिना झाला. कर्णबधिर मुलांच्या शाळेत गणित शिकवणार म्हटल्यावर आईने तोंड वाकडं केलं होतं, तू मात्र ‘जा, मजा येईल’ म्हणालीस. मजा येते आहे, पण घामही फुटतो आहे. वर्गाची जमीन मुद्दाम लाकडी ठेवली आहे. कुणाचं लक्ष वेधायचं असेल तर पाय आपटायचा, तो सगळ्यांना तळपायातून कळतो. बाकं अर्धगोलात मांडलेली, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हातात खडू घेतला की मी मुकी! एका हातात खडू, पाठ वर्गाकडे, मग बोलणार कशाने? म्हणून आधी त्यांच्याकडे तोंड करून खुणांनी सगळं सांगायचं आणि मग फळ्याकडे वळायचं, अशी कसरत दिवसभर चालते. माझं नाव त्यांनी ठेवलंय ‘वर गेलेली भुवई’. एक बोट भुवईला लावून वर उडवतात की झालं.

आता अडचण ऐक. नववीला मी बीजगणित सुरू केलंय. या शाळेत ते आजवर कधीच शिकवलेलं नाही. टक्केवारीपर्यंत आणायचं आणि मग मुलांना शिवण नाहीतर पुस्तकबांधणीच्या खोलीत पाठवायचं, असा शिरस्ता. मोठ्या बाईंनी (म्हणजे मुख्याध्यापिकांनी) स्वतःच्या जबाबदारीवर मला नोव्हेंबरपर्यंत मुभा दिली आहे. नोव्हेंबरमध्ये संस्थेची समिती वर्ग बघायला येणार. त्यांना पटलं तर बीजगणित राहील, नाहीतर ते तास बांधणीला जातील. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, मी तिला भिंगरी म्हणते, कारण ती जागेवर ठरतच नाही. तिला इमारतींचे नकाशे काढायला शिकायचंय. त्या अभ्यासक्रमाला बीजगणिताचा पेपर दिल्याशिवाय दारातही उभं करत नाहीत. म्हणजे तिचं सगळं या नोव्हेंबरवर आहे.

आणि मी अडले कुठे, तर वर्गमुळावर. त्यांच्या खुणांमध्ये वर्गमुळाला खूणच नाही, कारण इथे कुणी तिथवर पोचलंच नव्हतं. म्हटलं, चिन्हच हवेत काढून दाखवू. वर्गाकडे तोंड करून बोटाने झोकात √ काढलं, ‘एकोणपन्नासचं’ अशी खूण केली, आणि वहीत मांडायला सांगितलं. फेरी मारून बघते तर सगळ्यांनी उलटं! आकडी, टोक, आडवी रेघ, सगळं उजवीकडून डावीकडे. मी हवेत काढलेलं त्यांना समोरून तसंच दिसलं होतं ना!

तू कशी शिकवायचीस गं वर्गमूळ?

तुझी,
छबडी


१६ जुलै

छबडे,

आधी पोटभर हसून घेतलं, मग चष्मा पुसला, आणि आता लिहायला बसले आहे. अख्खा वर्ग एकदम उलटा! उभ्या जन्मात माझ्या एकाही वर्गाला हे साधलं नाही.

पण पोरांना रागावली नसशील अशी आशा आहे. त्यांनी चूक केलेलीच नाही. डोळ्यांना जे दिसलं ते रेघेरेघेनिशी उतरवलं. एवढं नीट बघणारी मुलं मला मिळाली असती तर मी निवृत्तच झाले नसते.

मी कशी शिकवायचे म्हणतेस? फरशीपासून. वर्गाच्या फरशीवर खडूने मोठा चौकोन आखायचा, आत किती फरश्या बसल्या ते मोजायला लावायचं. मग चौकोन पुसायचा आणि विचारायचं, एवढ्या फरश्यांचा चौकोन पुन्हा आखायचा झाला तर एक बाजू केवढी घेशील? मुली कडेने मोजायला लागायच्या. मग म्हणायचे, हेच वर्गमूळ, बाई, उगाच नावाला घाबरू नका.

आणि चिन्हाचं काय सांगू! सगळ्या गणितात माझं ते सगळ्यात लाडकं. अधिक, वजा, गुणिले, भागिले बघ, दोन आकड्यांच्या मधे उभी राहून मध्यस्थी करतात. हे एकटंच असं आहे की आकड्याला आपल्या पोटात घेतं. आधी छोटासा हिसका, मग खाली बुडी, मग एका दमात थेट वर, आणि वर पोचल्यावर आडवं, जितकं लागेल तितकं. त्या आडव्या रेघेवर माझा फार जीव. आत एक आकडा असो की ओळभर पदावली असो, ती लांबते आणि सगळ्यांना सामावून घेते. ज्याने कुणी ही रेघ त्या आकडीला पहिल्यांदा जोडली, त्याच्या हाताला मी मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला आहे. आखूड रेघ काढणाऱ्या मुलीला मी एवढंच म्हणायचे, ‘छप्पर वाढव.’

तुझ्या अडचणीवर औषध सोपं आहे. आरशापुढे उभी राहा आणि चिन्ह उलटं काढायला शीक. आरशात ते तुला उलटंच दिसलं पाहिजे. तू उलटं काढलंस की समोरच्यांना सरळ दिसेल. हाताला वळण लागेपर्यंत सोडू नकोस.

फोन करू नकोस, त्यात नुसती खरखर असते.

तुझी,
माऊ


२१ ऑगस्ट

प्रिय माऊ,

तुझं औषध लागू पडलं! सकाळ-संध्याकाळ आरशापुढे उभी राहून हवेत गिरवत होते. माझ्या खोलीत शिवणाच्या बाई राहतात. त्यांनी एक दिवस न राहवून विचारलं, ‘हे काय चाललंय?’ मी त्याचं पुस्तकी नाव सांगितलं, ‘करणीचिन्ह.’ त्या दिवसापासून त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत. पण हात आता असा तयार झालाय की उलटं चिन्ह झोपेतही सुटेल. वर्गाला ते सरळ दिसतं आणि वह्यांमध्येही सरळ उतरतं. फरशीचा चौकोनही आखला. आमची जमीन लाकडी, म्हणून अंगणात गेलो.

आता भिंगरीचं ऐक. दोनचं वर्गमूळ काढायला दिलं होतं. बाकीच्यांनी दीड लिहिलं, पडताळा घेतला, जुळेना, सोडून दिलं. भिंगरी बसली. एक दशांश चार, मग एक दशांश एकेचाळीस, मग आणखी एक आकडा, मग आणखी एक. प्रत्येक वेळी वर्ग करून बघायची आणि दोनला थोडं कमी पडायचं नाहीतर थोडं जास्त व्हायचं. पान भरलं. मला वाटलं, आता रडेल. तिने वर बघितलं, पान उलटलं, कोऱ्या पानावर एवढंच लिहिलं: √2. आणि खुणांनी मला म्हणाली, ‘हेच उत्तर. बाकी सगळी याच्या शेजारची घरं.’

माऊ, मला हे समजायला कॉलेजात जावं लागलं होतं. ते चिन्ह म्हणजे करायला सांगितलेलं काम, असंच मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. ते स्वतःच एक संख्या असू शकतं, हे त्या मुलीला एका पानात कळलं.

आणि दुसऱ्याच दिवशी तिने खूण आणली. हवेत गिरवायचंच नाही! उजवा कोपर बाजूला वर उचलायचा आणि हात छातीसमोर आडवा धरायचा. कोपर म्हणजे चिन्हाचा टोकदार खांदा, आडवा हात म्हणजे छप्पर. आणि मग डाव्या हाताने त्या छपराखाली आकडे सांगायचे. आत जे असेल ते हाताखाली सांगायचं, बाहेरचं असेल तर उजवा हात खाली घेऊन सांगायचं. आता सगळा वर्ग तेच करतो. मी मात्र फळ्यावर लिहिण्याआधी सवयीने हवेत एकदा गिरवतेच.

वाईट बातमीही आहे. संस्थेचे खजिनदार परवा सहज म्हणून डोकावून गेले. दारात उभं राहून बघितलं आणि मोठ्या बाईंना म्हणाले, ‘नक्कल छान करतात हो पोरं. बाई काढतात तसं काढतात.’ समितीत तेही आहेत. नोव्हेंबरात ते काय बोलणार ते मला आत्ताच ऐकू येतंय.

आणि एक विचारू? रविवारी मी फोनवर तुझी तब्येत विचारली, तर तू म्हणालीस ‘मंगळवारी’. काय गं?

तुझी,
वर गेलेली भुवई


२९ ऑगस्ट

छबडे,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग उठून स्वयंपाकघरात उजवा हात आडवा धरून उभी राहिले. दूध उतू गेलं, जाऊ दे.

तुला कळतंय का त्या पोरीने काय केलंय ते? मी उभा जन्म बोलून शिकवलं. ‘वर्गमुळात नऊ अधिक सोळा’ म्हटलं की लगेच सांगावं लागायचं, ‘दोन्ही आत हं, मुलींनो’. नाहीतर अर्धा वर्ग नऊचंच मूळ काढून मोकळा व्हायचा. तोंडाने एका वेळी एकच गोष्ट सांगता येते. छप्पर सांगून झालं की ते हवेत विरतं, मग आकडे सांगायचे. तुझ्या भिंगरीचं छप्पर आकडे सांगताना वर धरलेलंच असतं! कागदावर ती रेघ जे करते तेच तिचा हात करतो. आम्हाला बोलणाऱ्यांना हे कधीच जमायचं नाही. मला त्या मुलीचा हेवा वाटला, आणि हेवा वाटून घेण्याचं माझं वय नाही.

आता कामाचं बोलू. खजिनदारांचं ‘नक्कल, नक्कल’ म्हणणं बंद करायचं तर चोख तयारी हवी. समिती काय विचारेल याचा अंदाज घे, उदाहरणं ठरव, कुणी उठायचं आणि काय उत्तर द्यायचं ते पाठ करून घे. रोज तालीम घे. तपासणी आली की आम्ही हेच करायचो, आणि माझ्या वर्गावर कधी शेरा आला नाही.

फोनचं म्हणशील तर तो जुना झालाय. त्यात खरखर फार.

तुझी,
माऊ


९ सप्टेंबर

माऊ,

तालीम मी घेणार नाही. खजिनदार म्हणतात ही मुलं नक्कल करतात, आणि ते खोटं ठरवायला मी मुलांकडून नक्कलच करून घेऊ? पाठ केलेली उत्तरं भिंगरीने दिली आणि समिती खूश झाली, तर मी तिला काय तोंड दाखवू? तिला कुणी फसवलं तर लगेच कळतं, ती माणसांचे चेहरे वाचते.

आणि खरखर फोनमध्ये नाही. तुझ्या शेजारच्या काकूंना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, दाराची घंटा तुला महिनोन्‌महिने ऐकू येत नाही, त्या खिडकीतून रुमाल हलवतात. शिकवण्या तू बंद केल्यास त्या गुडघ्यांमुळे नव्हेत म्हणे. मी दिवसभर ज्या शाळेत असते ती कसली शाळा आहे हे तुला ठाऊक आहे ना? मग माझ्यापासूनच का लपवलंस? फार राग आलाय मला.

छबडी


२० ऑक्टोबर

छबडे,

महिनाभर रुसून बसले होते. कुणाचंच लक्ष गेलं नाही, म्हणून रुसवा सोडला.

डाव्या कानाने दुकान केव्हाच बंद केलंय. उजव्याचं शटर अर्धं खाली आहे. शिकवण्या सोडल्या कारण एक दिवस एका मुलीने काहीतरी विचारलं आणि मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर फळाभर लिहिलं. ती बिचारी गप्प बसून सगळं उतरवून घेत होती. माझ्या भीतीने तिने उलट शब्द काढला नाही. मला तिच्या आईकडून नंतर कळलं. जिला मी घाबरवून ठेवलं होतं ती मुलगी चुकीचं उतरवत राहिली, हे मला फार लागलं गं. तुला सांगितलं नाही, कारण तू मला नेहमी हुशार मावशी म्हणत आलीस आणि ते मला आवडतं.

तालमीचं जे लिहिलं ते परत घेते. तुझं बरोबर आहे.

समितीच्या दिवशी काय होईल ते होवो. मी इथे हात आडवा धरून बसेन. काकूंना वाटतं माझा खांदा आखडलाय, त्या तेल आणून देतात. मीही त्यांना काही सांगत नाही.

माऊ


१७ नोव्हेंबर

माझी हुशार मावशी,

काल समिती येऊन गेली. सगळं सांगते, पण आधी कबूल कर की हसणार नाहीस.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश आहेत. कमी बोलतात आणि बोलण्याआधी चष्मा काढून हातात घेतात. खजिनदार त्यांच्या शेजारी बसले आणि सुरुवातच अशी केली, ‘साहेब, यांचा डोळा आणि हात फार तयार, यात वाद नाही. पण फळ्यावर असेल ते वहीत उतरवणं म्हणजे बीजगणित नव्हे. अर्थ कळतो का, हा प्रश्न आहे.’ अध्यक्ष म्हणाले, ‘तोच बघायला आलो आहोत. बाई, तुम्ही एखादं उदाहरण फळ्यावर घाला. मुलांनी नुसतं वहीत उतरवून घ्यावं, बाकी मी विचारतो.’

मी मुलांना खुणेने तेच सांगितलं. मग सवयीने हवेत एकदा गिरवलं, उलटं, म्हणजे त्यांना सरळ दिसेल असं. आणि त्याच झोकात वळून खडू टेकवला. मागे सगळी समिती बसलेली. खाली नऊ अधिक सोळा लिहिलं, बाजूला झाले.

एकाही मुलाने पेन्सिल उचलली नाही.

खजिनदार हळूच म्हणाले, ‘आज नक्कलही नाही वाटतं.’ तेवढ्यात जमीन हादरली. मागच्या बाकावरच्याने पाय आपटला होता. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. अध्यक्षांनी दचकून खुर्ची धरली. ‘हा काय दंगा आहे?’ मला काहीच समजेना. सगळी बोटं फळ्याकडे. मी वळून पाहिलं, आणि माऊ, फळ्यावर उलटं चिन्ह! आकडी उजव्या टोकाला, रेघ डावीकडे गेलेली. आरशातलं वर्गमूळ मी फळ्यावर काढून ठेवलं होतं. तुझ्या औषधाचा गुण असा आला.

मी पुसायला पुढे होणार, तर भिंगरी उठून आलीच होती. तिने माझ्या हातातला खडू काढून घेतला, अगदी आदराने पण काढून घेतला. माझं चिन्ह पुसलं. आकड्यांच्या डाव्या बाजूने सुरू केलं, हिसका, बुडी, वर, आणि रेघ नऊवरून अधिकावरून सोळाच्याही पुढे नेली. मग खडू ठेवून माझ्याकडे बघितलं आणि खुणेने म्हणाली, ‘बाई, बरं नाही का तुम्हाला?’ मी ते जसंच्या तसं बोलून दाखवलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

‘विचारा तिला, चिन्हाचं तोंड कुठेही असलं तर बिघडतं काय? आत आकडे तेच होते.’

भिंगरीने उत्तर दिलं, मी शब्दाने सांगत गेले. ‘आपण इकडून वाचत येतो. दार इकडे हवं. दार शेवटी ठेवलं तर माणूस भिंतीवर आपटेल, मग त्याला कळेल की हे घर होतं.’

अध्यक्ष स्वतः उठले. बोटाने त्यांनी रेघेचा उजवीकडचा भाग पुसून टाकला, आता ती नुसत्या नऊवर उरली. ‘आता?’

‘आधी पाच होते, आता एकोणीस,’ ती म्हणाली. आणि मग स्वतःहून, कुणी न विचारता, ‘सोळाला तुम्ही उन्हात काढलंत.’

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खजिनदार म्हणाले, ‘ही एक मुलगी हुशार असेल, साहेब.’ त्यावर अध्यक्ष म्हणाले, ‘पाय सगळ्यांनी आपटले, खजिनदारसाहेब.’ एवढं बोलून ते गेले. अहवाल लेखी येईल म्हणाले.

मुलं जाम खूश आहेत. बाईंना पकडलं म्हणून! मी मधल्या सुट्टीत शिवणाच्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी मला स्वतःच्या हातचा चहा दिला.

तुझी,
छबडी


२३ नोव्हेंबर

छबडे,

हसले नाही. हसायला पुढे वेळ मिळेल. पत्र वाचताना मी उभी होते, तशीच खाली बसले.

आता मला खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही. मुद्दाम केलंस ना? नक्कल होते की नाही हे दाखवायला याच्याइतकी नामी युक्ती मला तरी सुचली नसती. मी तालमीच्या गोष्टी करत बसले आणि तू एका रेघेत सगळा खटला जिंकलास.

माऊ


७ डिसेंबर

माऊ,

नाही गं, शपथेवर सांगते, मुद्दाम नाही. एवढी हुशार मी असते तर रडले कशाला असते? ते नुसतं हाताचं वळण होतं.

अहवाल आला. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून वाचायला दिला. पहिला परिच्छेद असा: ‘नववीच्या विद्यार्थ्यांचे बीजगणिताचे आकलन वादातीत आहे. फळ्यावरील मजकुरातील दोष त्यांनी स्वतः ओळखला व तो उतरवून घेण्यास नकार दिला. विषय चालू ठेवावा आणि विद्यार्थ्यांना सार्वजनिक परीक्षेस बसू द्यावे.’ मी उडीच मारली. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘पुढे वाच.’

दुसरा परिच्छेद: ‘शिक्षिकेला मात्र वर्गमुळाचे चिन्हही अचूक काढता आले नाही. त्यांच्या विषयज्ञानाबद्दल समितीस शंका आहे. त्यांनी शालेय बीजगणिताची लेखी परीक्षा द्यावी. तोपर्यंत नेमणूक तात्पुरती समजावी.’

मोठ्या बाई संतापल्या होत्या. खुलासा लिहायला त्यांनी कागदही पुढे ओढला होता. ‘आरसा, हवेतलं चिन्ह, सगळं लिहिते. तुझ्यावर डाग नको.’ मी त्यांचा हात धरला. म्हटलं, लिहू नका. खुलासा गेला की खजिनदार म्हणतील, पाहा, बाईंचा हा नेहमीचाच खेळ, मुलांना ठाऊकच होता, ठरवून केलं सगळं. तुझ्यासारखी माझ्यावर माया करणारी मावशीसुद्धा ‘मुद्दाम केलंस ना’ विचारते, मग ते का नाही म्हणणार? मग भिंगरीने जे केलं ते पुन्हा नक्कल ठरेल. आत्ता कागदावर असं आहे की बाई चुकल्या आणि मुलांनी ओळखलं. तेच खरं आहे, आणि तेच राहू दे.

भिंगरीने परीक्षेचा अर्ज भरला. सही करताना आडवी रेघ जरा जास्तच लांब काढली, बाकी नीट आहे.

आणि तूही कुणाला काही लिहायचं नाहीस. मी ओळखते तुला.

छबडी


१५ डिसेंबर

माझ्या छबडे,

ओळखतेस खरी. न्यायाधीशांना मी चार पानं लिहिली होती. आरसा माझा, सल्ला माझा, माझ्या भाचीला वर्गमूळ काढता येत नाही असं म्हणणाऱ्याने आधी माझी गाठ घ्यावी, असं बरंच काही. पाकीट चिकटवून तयार होतं. तुझं पत्र आल्यावर ते फाडलं.

इतकी वर्षं शिकवलं मी, आणि शेरा येऊ नये म्हणून किती काळजी घेतली! तुझ्या वाट्याला पहिल्याच वर्षी हा शेरा आला आणि तू तो ठेवून घेतलास, पोरांच्या डोक्यावरचं छप्पर आखूड होऊ नये म्हणून. मला तुझा केवढा अभिमान वाटतो हे पत्रात लिहून भागायचं नाही. जानेवारीत मी तिकडे येते आहे. मागच्या बाकावर बसेन आणि खुणा शिकेन. मी चुकले की पोरांना सांग, खुशाल पाय आपटा, एवढं मला नक्की कळेल.

तोवर ती परीक्षा देऊन टाक. पेपर सोपा असेल, घाई करू नकोस. वर्गमुळाचं उदाहरण आलं की क्षणभर थांब, तुझ्यासमोर कुणी बसलेलं नाही हे ध्यानात घे, आणि कागदावर चिन्ह सरळ काढ. मग दुसऱ्या दिवशी वर्गात जा आणि पुन्हा उलटंच काढ.

तुझी,
माऊ